संगणकावरची रसायनशाळा

रसायनशाळा म्हटली, कीं काचेच्या नळ्या, बर्नरची निळी ज्योत आणि नाकाला झोंबणारा वास हीं चित्रें मनासमोर उभीं राहतात. परंतु या शास्त्राची एक शाखा अशी आहे, कीं तिच्यांत नळी नाहीं, ज्योत नाहीं आणि वासहि नाहीं. एक मेज, एक संगणक आणि विचार करणारें एक डोकें एवढीच तिची सामग्री. या शाखेस संगणकीय रसायनशास्त्र असें नांव आहे. महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला घरच्या साध्या संगणकावरहि आतां या शाळेंत प्रवेश मिळूं शकतो, आणि त्यासाठीं पैसाहि मोजावा लागत नाहीं. मात्र प्रवेश जितका सोपा, तितकी तेथील फसगतहि सोपी. म्हणून पहिलीं पावलें कशीं टाकावीं, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

या शास्त्राचें मूळ १९२६ सालीं श्रोडिंजर यानें मांडलेल्या समीकरणांत आहे. रेणूंतील इलेक्ट्रॉनांचें वर्तन त्या समीकरणानें ठरतें. परंतु तें अचूक सुटतें तें हायड्रोजनच्या अणूपुरतें. दुसरा इलेक्ट्रॉन आला, कीं दोघांच्या परस्पर अपसारणामुळें गणित अडतें. भर बाजारांतून चालणारा मनुष्य प्रत्येकाच्या पावलाचा हिशेब ठेवीत नाहीं. एकंदर गर्दीचा अंदाज घेऊन तो वाट काढतो. हार्ट्री यानें १९२८ मध्यें व फोक यानें १९३० मध्यें इलेक्ट्रॉनाच्या बाबतींत हाच मार्ग स्वीकारला. प्रत्येक इलेक्ट्रॉन इतरांच्या सरासरी प्रभावांत फिरतो असें धरावयाचें, त्यावरून त्याची जागा काढावयाची, त्या जागेवरून प्रभाव पुन्हां मोजावयाचा, आणि उत्तर बदलेनासें होईपर्यंत हें चक्र चालवावयाचें. पुढें १९६४-६५ मध्यें कोन व त्याचे सहकारी यांनीं इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरूनच ऊर्जा काढण्याचा दुसरा मार्ग पायाशुद्ध केला. आणि पोपल याच्या गटानें १९७० मध्यें ‘गाउसियन’ ही आज्ञावली प्रसिद्ध करून हें गणित सामान्य रसायनज्ञाच्या हातीं दिलें. १९९८ चें नोबेल पारितोषिक कोन व पोपल या दोघांस मिळालें.

नवशिक्याला दोन साधनें पुरतात. रेणू पडद्यावर रचण्यासाठीं व उत्तर चित्ररूपानें पाहण्यासाठीं ‘ॲव्होगॅड्रो’ ही मोफत आज्ञावली आहे. प्रत्यक्ष गणितासाठीं ‘साय-फोर’ ही सर्वांस खुली, तर ‘ऑर्का’ ही शैक्षणिक कामासाठीं विनामूल्य आहे. ‘गाउसियन’ मात्र विकत घ्यावी लागते. यांपैकीं श्रेष्ठ कोणती, या वादांत आरंभीं पडूं नये. कोणतीहि एक घ्यावी आणि पाण्याच्या रेणूपासून सुरुवात करावी. कारण त्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे, आणि ज्याचें उत्तर ठाऊक आहे तेंच उदाहरण शिकणाऱ्याचा खरा गुरु होय.

आज्ञावलीला चार गोष्टी सांगाव्या लागतात: अणू कोठें आहेत, रेणूवर विद्युत्‌भार किती आहे, जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन किती आहेत, आणि गणित कोणत्या रीतीनें करावयाचें. या शेवटच्या बाबींत पद्धतीबरोबर ‘आधारसंच’ही सांगावा लागतो. रांगोळींत ठिपके थोडे असतील, तर आकृति ओबडधोबड होते. ठिपके वाढवावे तसतशी ती रेखीव होत जाते. इलेक्ट्रॉनांचा मेघ रेखाटण्यासाठीं वापरावयाच्या गणिती ठिपक्यांचा समूह, तोच आधारसंच.

पाण्याच्या रेणूंत ऑक्सिजन व हायड्रोजन यांमधील अंतर प्रयोगानें ०.९५८ अँगस्ट्रॉम ठरलें आहे आणि कोन १०४.५ अंशांचा आहे. हार्ट्री-फोक पद्धतीनें ‘एसटीओ-३जी’ हा अगदीं लहान संच घेतला, तर अंतर ०.९९० आणि कोन १०० अंश येतो. ‘६-३१जी*’ हा मोठा संच घेतला, तर अंतर ०.९४७ व कोन १०५.५ अंश येतो. साध्या संगणकावर हें सारें कांहीं क्षणांत होतें. परंतु त्याच गणितांत रेणूच्या कंपनसंख्या पाहाव्या, तर त्या प्रयोगापेक्षां दहा-बारा टक्क्यांनीं अधिक भरतात: ३,६५७ च्या जागीं सुमारें ४,०७० ! नवखा विद्यार्थी येथें निराश होतो. जाणता होत नाहीं. ही चूक जवळजवळ प्रत्येक रेणूंत एकाच दिशेनें व एकाच प्रमाणांत होते, म्हणून आलेल्या संख्येस सुमारें ०.८९ नें गुणून ती दुरुस्त करतां येते. चुकीलाहि शिस्त असली, तर ती उपयोगी पडते.

कंपनसंख्यांचें आणखी एक मोलाचें काम आहे. रेणूची स्थिर रचना शोधणें म्हणजे डोंगराळ मुलुखांत दरीचा तळ शोधणें. परंतु दोन दऱ्यांमधील खिंडीच्या माथ्यावरहि जमीन क्षणभर सपाट लागते, आणि आज्ञावली तेथेंच तळ ठोकून बसण्याचा संभव असतो. अमोनियाचा रेणू वस्तुतः छत्रीसारखा आहे. तो पडद्यावर अगदीं सपाट रचून दिला, तर उत्तरहि सपाटच येऊं शकतें. अशा वेळीं कंपनांच्या यादींत एक संख्या ऋण चिन्हासह छापली जाते. ही खूण म्हणजे खिंडीवरची पाटी होय. म्हणून कंपनें काढल्यावांचून कोणतीहि रचना पक्की मानूं नये.

दुसरी सावधगिरी प्राणवायूपासून शिकावी. ऑक्सिजनच्या रेणूंत दोन इलेक्ट्रॉन जोडीवांचून असतात. म्हणूनच द्रवरूप ऑक्सिजन लोहचुंबकाकडे ओढला जातो. अशा रेणूसाठीं आज्ञावलीला ३ हा अंक द्यावा लागतो, तर सर्व इलेक्ट्रॉन जोडीनें असतील तेथें १ हा. विद्यार्थी संवयीनें १ लिहितो. यंत्र हरकत घेत नाहीं; तें निमूटपणें गणित करतें आणि नीटनेटकें उत्तर छापतें. परंतु तें उत्तर हवेंतील नेहमींच्या प्राणवायूचें नसतें. जोडी जमलेला ऑक्सिजन सृष्टींत असतो खरा, पण त्याची ऊर्जा मोलमागें सुमारें ९४ किलोज्यूल अधिक असते. प्रश्न चुकला, तर यंत्र चुकीच्या प्रश्नाचेंच उत्तर देतें.

तिसरी गोष्ट ऊर्जेच्या हिशेबाची. पाण्याची एकूण ऊर्जा उणें ७६ हार्ट्री येते, म्हणजे मोलमागें सुमारें ४८,००० किलोकॅलरी. आणि रसायनज्ञाला हवा असतो तो एकदोन किलोकॅलरींचा फरक. हजार किलो माल भरलेली गाडी दोनदां तोलून तींतील वीस ग्रॅम लवंगांचें वजन काढण्यासारखेंच हें काम आहे. तें साधतें, कारण दोन्ही वेळां तराजू एकच असेल, तर त्याचा दोष वजाबाकींत बहुतांशीं निघून जातो. म्हणून एका पदार्थाची ऊर्जा एका पद्धतीनें आणि दुसऱ्याची दुसऱ्या पद्धतीनें काढून त्यांची तुलना करूं नये. तराजू बदलला, कीं हिशेब बुडाला.

अधिक अचूक पद्धति अर्थातच अधिक महाग. रेणू दुप्पट झाला, तर हार्ट्री-फोकचें गणित ढोबळ मानानें सोळा पट वाढतें. ‘कपल्ड क्लस्टर’ या अतिशय काटेकोर पद्धतीच्या नेहमींच्या वापरांतील रूपाचें गणित १२८ पट वाढतें. या अडचणींतून पुण्यानें एक वाट दाखविली आहे. पुणें विद्यापीठांतील श्रीधर गद्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ मध्यें मोठ्या रेणूचे लहान तुकडे बेतून, त्यांचें गणित स्वतंत्र करून, मग ते पुन्हां जोडण्याची रीत मांडली. तिचें इंग्रजी नांवच शिंपीकामावरून घेतलेलें आहे.

इतक्या सावधगिरीनें काढलेल्या उत्तरावर तरी विश्वास ठेवावा काय ? याचें उत्तर एका लहानशा रेणूच्या इतिहासांत सांपडतें. मेथिलीन या रेणूंत एक कार्बन व दोन हायड्रोजन असतात. १९६० मध्यें फॉस्टर व बॉइज यांनीं गणितानें सांगितलें, कीं हा रेणू वांकलेला असून त्याचा कोन १२९ अंशांचा आहे. परंतु वर्णपटशास्त्राचा थोर अधिकारी हर्झबर्ग यानें त्याच सुमारास आपल्या प्रयोगांवरून रेणू सरळ असल्याचा निर्वाळा दिला, आणि गणित मागें पडलें. १९७० मध्यें बेंडर व शेफर यांनीं अधिक काटेकोर गणित करून कोन सुमारें १३५ अंश काढला. त्याच वर्षीं दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगांनींहि रेणू वांकलेलाच ठरला. हर्झबर्ग यानें आपल्या जुन्या वर्णपटाचा अर्थ पुन्हां लावून तें मान्य केलें. ज्यानें स्वतःचें मत मोकळेपणानें बदललें, त्याच शास्त्रज्ञास १९७१ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें, ही गोष्टहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

गणितानें प्रयोगाला दुरुस्त केलें तें यंत्र मोठें होतें म्हणून नव्हे. कोणतें गणित कितपत विश्वसनीय आहे, याची पारख करणाऱ्यांच्या हातीं तें होतें, म्हणून. या शाळेंत पहिलें पाऊल टाकणाऱ्यानेंहि पाणी, अमोनिया आणि प्राणवायु हे तीन गुरु आधीं करावे. अनोळखी रेणूच्या दारावर थाप मारण्याचा अधिकार त्यानंतरचा.