जीपचे पाणी आणि पाटे

काही वर्षांपूर्वी गोव्याहून बेळगावकडे परतताना चोर्ला घाटाच्या चढणीवर आमच्या जुन्या जीपमधून वाफ निघू लागली. घाईघाईने एका सोबत्याने रेडिएटरची टोपी फिरविली. उकळते पाणी उसळून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. व्रण अद्याप आहेत. दोष गाडीचा नव्हता, आमचाच होता. आदल्या आठवड्यात भातशेतीच्या चिखलातून आणलेली जीप आम्ही न धुता तशीच उभी केली होती.

१९४१ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी विलीज कंपनीने या गाडीचे उत्पादन सुरू केले. ‘कोठेही जाणारी’ हा तिचा लौकिक खरा. परंतु त्यामुळेच मालक निष्काळजी होतो. तिला मुख्यतः दोन गोष्टी जपाव्या लागतात : पाणी आणि पाटे.

प्रथम पाण्याविषयी. इंजिनाची उष्णता पाणी रेडिएटरात आणते आणि तेथील बारीक पत्र्यांमधून वाहणारी हवा ती घेऊन जाते. पत्र्यांत चिखल, गवताचे तूस व किडे अडकले की हवेची वाट बुजते. म्हणून चिखलातून आल्यावर, इंजिन थंड झाल्यानंतर, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने पाणी सोडावे. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात.

आत विहिरीचे पाणी घालू नये. जुन्या घरांतील तांब्याच्या बंबात क्षारांचे पुट कसे चढत असे, हे थोरांना आठवत असेल. रेडिएटरच्या नळ्यांतही तेच होते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळून घालावे आणि ठरलेल्या मुदतीत बदलावे. ते विषारी असल्याने मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे. होज पाइप दाबून पाहावेत. भेगाळलेले अथवा फुगलेले असतील तर बदलावेत. इंजिन बंद असताना फॅन बेल्ट मध्यभागी अंगठ्याने दाबला असता साधारण अर्धा इंच झुकावा.

टोपी हे केवळ झाकण नव्हे. पाणी एरवी १०० अंश सेल्सिअसला उकळते. हवेच्या दाबावर आणखी तितकाच दाब चढला तर ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. अशा वेळी टोपी उघडताच दाब उतरतो आणि पाणी एकदम वाफेसह उसळते. म्हणून काटा चढल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत धीर धरावा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास त्याला तडा जाण्याचा संभव असतो.

आता पाटे. गॅरेजमध्ये आमची जीप उचलली तेव्हा पुढच्या स्प्रिंगचा एक पाटा तडकलेला आणि त्याच बाजूचा शॉक अब्सॉर्बर तेल गळून निकामी झालेला आढळला. रस्त्याचा प्रत्येक हादरा रेडिएटरपर्यंत पोहोचून त्याचा एक सांधाही सुटू लागला होता. चिखलाने हवा अडली होती आणि हादऱ्यांनी पाणी झिरपत होते. दोन वेगळी वाटणारी दुर्लक्षे घाटात एकत्र आली.

यासाठी महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंची उंची मोजावी. एक बाजू झुकलेली असेल तर पाटे तपासावेत. पाट्यांना आसाशी आवळणारे यू-बोल्ट सैल नाहीत ना, हे पाहावे. शॅकलला ग्रीसची टोचणी असेल तेथे ग्रीस भरावे. रबरी बुशांना मात्र तेल-ग्रीस लावू नये, रबर फुगून खराब होते. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत आणि चाकांना उटी द्यावी.

या साऱ्यास सुटीच्या दिवशीचा अर्धा-पाऊण तास पुरतो. आमच्या घरी आता चिखलातून आलेली जीप धुतल्यावाचून शेडमध्ये जात नाही. तो भाजलेला सोबतीच पाण्याची नळी हाती घेऊन उभा असतो.