वाचनात मागे राहिलेले मोठे विद्यार्थी

सातवी-आठवीत पोचूनही एक परिच्छेद सलग वाचू न शकणारे विद्यार्थी अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शिक्षकांना अपरिचित नाहीत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भर तिसरीपर्यंतच्या मुलांवर आहे. त्यापुढील विद्यार्थ्यांकडे शाळेनेच जाणीवपूर्वक लक्ष पुरविणे अगत्याचे ठरते.

प्रथम कारण शोधावे. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत अनेक मुलांची मातृभाषा कोरकू आहे. ती मुंडा कुळातील असल्याने मराठीहून सर्वस्वी भिन्न आहे. अशा मुलाची अडचण भाषेची असते, बुद्धीची नव्हे. काहींचे शिक्षण आईवडिलांच्या मजुरीसाठीच्या स्थलांतरामुळे खंडित होते, तर काहींची दृष्टी वा श्रवणशक्ती मंद असते. ही कारणे नसताना, नियमित अध्यापनानंतरही वाचन साधत नसेल, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शंका घेऊन तज्ज्ञांकडून तपासणी करवावी. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत तिचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत तो झाला. या अधिनियमाच्या कलम १६ नुसार ही अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे अपेक्षित आहे. कलम १७ मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद आहे.

वाचनाची चाचणी एकट्याने, वर्गापासून दूर घ्यावी. मुलगा मात्रांत अडतो, जोडाक्षरांत अडतो की अर्थ लागत नाही, याची नोंद ठेवावी. ‘डोळा’ हा शब्द त्याने ‘डोया’ असा वाचला, तर तो वऱ्हाडी उच्चार होय, वाचनदोष नव्हे. त्यानंतर अडलेल्या घटकाचा रोज थोडा वेळ सराव घ्यावा. मजकूर मात्र वयास साजेसा असावा. कपाशी, संत्रा, हवामान हे विषय चालतील. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिलीचे पुस्तक दिल्यास तो संकोचतो व वाचनच टाळू लागतो. इतिहास-विज्ञानाचे धडे त्याला वाचून दाखवावेत, म्हणजे वाचनाअभावी ज्ञान अडणार नाही.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीने अशा विद्यार्थ्यांचा दरमहा आढावा घ्यावा आणि पंचायत सदस्यांनी तपासणीसाठी जाण्या-येण्याची सोय पाहावी. न वाचता शाळा सोडणाऱ्या मुलाला पुढे सातबाऱ्यापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत दुसऱ्यावर विसंबावे लागते. ते टाळण्याची संधी तो शाळेत आहे तोवरच आहे.