जुन्या गाडीचा एसी: चंद्रपूरच्या उन्हात काढावा की दुरुस्त करावा?

नवतपा जवळ आला की चंद्रपुरात जुनी गाडी बाळगणाऱ्याला दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक, ‘गॅस भरून घ्या, चालेल अजून.’ दुसरा, ‘काढून टाका तो एसी, इंजिनाचा जीव वाचेल.’ बहुतेक वेळा दोन्ही सल्ले बॉनेट उघडायच्या आधीच दिलेले असतात. लिलावात घेतलेली पांढरी सरकारी अॅम्बेसेडर असो, आजोबांची प्रीमियर पद्मिनी असो, की घरातली पहिली गाडी म्हणून जपलेली मारुती ८००, तिच्या एसीचा निकाल असा ऐकीव गोष्टींवर लागतो.

मे २०१९ मध्ये या शहरानं ४८ अंश पाहिले आहेत. अशा ठिकाणी एसी ही चैन उरत नाही. ज्या गाडीत दुपारी बसवत नाही, ती मार्च ते जून उभी राहते. उभ्या गाडीचे सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, वायरिंग उंदीर कुरतडतात. म्हणून माझं मत आधीच सांगतो: कारखान्यातूनच एसी घेऊन आलेल्या गाडीचा एसी आपल्या भागात काढू नये. नंतर बसवलेला असेल, तर नीट तपासल्याशिवाय त्यालाही हात लावू नये. काढण्यासारखी परिस्थिती असते, पण ती समजतात त्यापेक्षा क्वचित.

‘गॅस दर उन्हाळ्यात भरावाच लागतो’

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल अशा बंद वाटेनं तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. जुन्या गाडीत रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून तो थोडा झिरपतो, हे खरं. पण दर एप्रिलला भरावा लागत असेल, तर सरळ लीकेज आहे आणि ते शोधायलाच हवं.

आपल्याकडे ते शोधणं एका अर्थानं सोपं आहे. गॅस जिथून सुटतो, तिथून त्याच्याबरोबर थोडं तेलही बाहेर येतं. पडोली, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात हवेत कोळशाची भुकटी असते, आणि ती या तेलावर बसते. टॉर्च घेऊन पाइपांचे जोड पाहा. जिथे रबर धातूच्या कडीत दाबलेलं असतं, तिथे बोटाएवढा ओलसर काळा डाग दिसला, तर तिथे साबणाचा फेस लावा. बुडबुडे धरले की जागा सापडली. कॉम्प्रेसरच्या पुलीमागे आणि कंडेन्सरच्या खालच्या कडेलाही असाच डाग मिळतो. डॅशबोर्डखालची कॉइल मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहावं लागतं.

नुसता गॅस भरत राहण्यातला खरा तोटा तेलाचा आहे. लीकेजमधून दरवर्षी तेल जातं, भरताना मात्र फक्त गॅस भरला जातो. तीन-चार उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. आतला धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत पोचतो, आणि मग ‘काढूनच टाका’ हा सल्ला खरा वाटू लागतो.

‘जुना गॅस बंद झाला, म्हणजे एसी संपला’

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक एसी गाड्यांत आर-१२ हा गॅस असे. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या या गॅसवर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं बंधनं आणली. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २००३ पासून असे गॅस वापरून नवी उपकरणं बनवण्यावर बंदी आली आणि ऑगस्ट २००८ मध्ये आपण त्यांचं उत्पादन ठरलेल्या मुदतीच्या आधीच थांबवलं. तेव्हा आज कुणी ‘ताजा आर-१२ आहे’ म्हणत असेल, तर डब्यात दुसरंच काही असण्याची शक्यता धरून चाला.

पण म्हणून एसी मोडीत जात नाही. तो आर-१३४-ए या गॅसवर आणता येतो, फक्त काम पूर्ण करावं लागतं. जुनं मिनरल तेल नव्या गॅसमध्ये विरघळत नाही. ते कॉइलच्या तळाशी पडून राहतं आणि कॉम्प्रेसरला तेल मिळत नाही. म्हणून आधी आतली वाट फ्लश करून जुनं तेल काढायचं आणि नव्या गॅसला चालणारं एस्टर किंवा पॅग तेल घालायचं. ड्रायर बदलायचाच, कारण जुन्यातले ओलावा शोषणारे दाणे या गॅसला टिकत नाहीत. ओ-रिंगा नव्या, शक्य तर पाइपही नवे. मग निदान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम मारायचा आणि जुन्या मापाच्या ८० ते ९० टक्के गॅस वजन करून भरायचा. उरलेल्या आर-१२ वर नवा गॅस ओतणं हे सर्वांत वाईट, कारण त्या मिश्रणाचा दाब कुठल्याच तक्त्याशी जुळत नाही.

हा गॅसही उद्या बंद होईल, अशी भीती काहींना वाटते. किगाली दुरुस्तीनुसार भारतात अशा गॅसांच्या वापराची मर्यादा २०२८ मध्ये गोठेल आणि प्रत्यक्ष कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं होईल. ८५ टक्क्यांची कपात २०४७ ची आहे. एका गाडीच्या दुरुस्तीचा विचार करताना हा काळ पुरेसा आहे.

‘गॅस तो गॅस, कुठलाही चालतो’

हा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. स्वयंपाकाचा गॅस भरला तरी एसी थंड करतो, आणि तिथेच लोक फसतात. कॉइल आपल्या पायांजवळ असते. ती फुटली तर बंद काचांच्या गाडीत ठिणगीची वाट पाहणारा गॅस साचतो. बनावट १३४-ए त्याहून फसवा. त्यात मिथाइल क्लोराइड मिसळलेलं आढळलं आहे. ते अॅल्युमिनियमशी संयोग पावून असा पदार्थ बनवतं, जो हवा लागताच पेट घेतो. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीतकंटेनरांचे स्फोट यामुळेच झाले आणि त्यांत माणसं दगावली. तुमच्या गाडीचा कॉम्प्रेसरही अॅल्युमिनियमचाच असण्याची शक्यता मोठी. नावाच्या कंपनीचा सीलबंद डबा घ्या आणि तो डोळ्यांसमोर उघडायला सांगा.

‘नवा गॅस आपल्या उन्हात थंड करतच नाही’

या तक्रारीत तथ्य आहे, पण दोष गॅसच्या माथी मारणं चूक. गाडीच्या आतली उष्णता कंडेन्सरमधून बाहेर टाकायची असते, आणि बाहेरच ४७ अंश असतील तर त्या गॅसला साधारण ६५ अंशांवर द्रवरूप व्हावं लागतं. या तापमानाला आर-१२ चा दाब सुमारे १७ बार असतो, १३४-ए चा सुमारे १९ बार. म्हणजे फरक साधारण दहा-बारा टक्क्यांचा. जुना कंडेन्सर चांगल्या दिवसातही काठावर चालत असेल, तर मे महिन्यात तो उघडा पडतो.

कॉइलचं काम मात्र आपल्याकडे तुलनेनं हलकं असतं. मुंबईच्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात जाते. चंद्रपूरचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे ती ताकद थेट हवा थंड करायला मिळते. यातून खर्चाचा क्रम ठरतो: आपल्या भागात पैसा आधी कंडेन्सर आणि त्याच्या पंख्यावर घालावा. जुन्या नागमोडी नळीच्या कंडेन्सरऐवजी आजचा समांतर नळ्यांचा कंडेन्सर बसवला आणि पुढे इलेक्ट्रिक पंखा दिला, तर १३४-ए वरही जुनी गाडी व्यवस्थित थंड होते. दाब फार वाढला तर कॉम्प्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच जुन्या जोडणीत बहुधा नसतो. तो न विसरता बसवून घ्यावा.

त्याआधी फुकटातलं काम करा. लोखंडी जाळी काढून कंडेन्सरच्या पापुद्र्यांमध्ये पाहा. कोळशाची भुकटी, सिमेंटची धूळ, मेलेले किडे, एप्रिलमध्ये उडणारा सावरीचा कापूस, या सगळ्याचा नमदा तिथे बसलेला असतो. तो कमी दाबाच्या पाण्यानं आतून बाहेर धुवायचा. वॉशिंग सेंटरचा जोरदार पाइप मारला तर पापुद्रे आडवे होतात आणि हवा कायमची अडते.

आणखी एक सवय इथे नडते. भर दुपारी इंजिन चालू ठेवून, गॅसच्या वाटेवरच्या तपासणी-काचेतले बुडबुडे आणि गेजचा काटा पाहून गॅस भरला जातो. आर-१२ ला ही पद्धत बरी होती, १३४-ए ला फसवते. बुडबुडे जाईपर्यंत भरत राहिलं की गॅस जास्त होतो, दाब चढतो, थंडावा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसर इंजिनाला ओढत बसतो. गॅस भरणाऱ्याकडे वजनकाटा नसेल, तर दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरचा हेलपाटा पत्करलेला बरा.

‘एसीमुळे इंजिन तापतं’

मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, जुन्या पेट्रोल अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं. एवढ्या इंजिनांना कॉम्प्रेसरचा भार जाणवतो, आणि कंडेन्सरमधून तापलेली हवा रेडिएटरवर जाते, हेही खरं. पण सुस्थितीतलं कूलिंग हा भार पेलतं. तापण्याचं कारण बहुधा दुसरीकडेच सापडतं: बोअरवेलच्या जड पाण्यानं रेडिएटरमध्ये धरलेले क्षार, झिजलेला वॉटर पंप, पंख्याभोवतीचं हरवलेलं आवरण, किंवा ‘आपल्याकडे लागत नाही’ म्हणून काढून फेकलेला थर्मोस्टॅट.

तपासणी सोपी आहे. एसी बंद ठेवून घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांमागे दुपारी गाडी हळूहळू चालवा. काटा तरीही वर चढत असेल, तर एसी निर्दोष आहे. आधी रेडिएटर खोलून साफ करून घ्या आणि कूलंट घाला. एसीचा निर्णय त्यानंतर.

याला एक अपवाद मात्र गंभीरपणे घ्यावा. ज्या जुन्या गाडीत अजून डायनमो आहे, तिथे ब्लोअर, कॉम्प्रेसरचा क्लच आणि जादा पंखा यांना पुरेल इतकी वीजच तयार होत नाही, विशेषतः इंजिन मंद चालत असताना. अल्टरनेटर बसवायची तयारी नसेल, तर अशा गाडीत एसी ठेवण्याचा हट्ट धरू नये.

‘काढला की गाडी हलकी होते, अॅव्हरेज वाढतं’

एसी बंद असताना क्लच सुटलेला असतो. पट्टा फक्त मोकळी पुली फिरवतो, आणि त्याला लागणारी ताकद नगण्य असते. सगळं सामान काढून वाचणारं वजन साधारण वीस-तीस किलो. एसी चालू असताना अॅव्हरेज कमी मिळतं, आणि त्यावर उपाय डॅशबोर्डवरचं बटण आहे.

‘पावसाळ्यात आणि थंडीत एसीचं काय काम?’

मूल ते गडचिरोली रस्त्यावर जंगलातून जाताना श्रावणसरीत समोरची काच आतून धुरकटते. ती पुसत गाडी चालवणं धोक्याचं. एसी हवेतला ओलावा काढतो आणि काच झटकन स्वच्छ होते. थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवला, तर तेल फिरतं आणि शाफ्ट सील ओलं राहतं. दिवाळी ते होळी बंद ठेवलेला एसी एप्रिलमध्ये गॅस सोडतो, त्याचं एक कारण हे आहे.

‘एसी असला की गाडीचा अस्सलपणा जातो’

हे गाडीवर अवलंबून आहे. एसीवाली कॉन्टेसा किंवा मारुती कारखान्यातून ज्या रूपात आली, त्यात एसी आहेच. तो काढणं म्हणजे अस्सलपणा घालवणं. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीत डॅशखाली नंतर टांगलेलं युनिट ही वेगळी गोष्ट. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार खासगी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांची झाली की तिची विंटेज म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून एसीसाठी पत्रा कापणं किंवा रेडिएटरचा आधार तोडणं टाळावं. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही आधी लक्षात घ्या.

मग काढायचा केव्हा?

नंतर बसवलेलं युनिट, जाम कॉम्प्रेसर, सुटे भाग मिळत नाहीत, डायनमो बदलायचा नाही, आणि गाडी फक्त हिवाळ्यात सकाळी निघते. एवढं सगळं जुळलं तर बेलाशक काढा. यातली एखादीच गोष्ट असेल, तर दुरुस्तीचाच हिशेब करा.

काढताना गॅस हवेत सोडू नका. आर-१२ चा वातावरण तापवण्याचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट आहे. ७०० ग्रॅम सोडला तर साधारण ३,००० लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम होतो. रिकव्हरी मशीन असलेल्या वर्कशॉपमध्येच तो काढून घ्या. पाइप सुटले की त्याच मिनिटाला प्रत्येक तोंडाला बूच लावा, कारण उघड्या तोंडातून ओलावा शिरतो आणि कॉइल आतून गंजते. कॉम्प्रेसरमध्ये थोडं तेल ठेवून तो प्लास्टिकमध्ये बांधा. ब्रॅकेट, बोल्ट आणि रिले एकाच पेटीत, चिठ्ठी लावून ठेवा. वायरी कापू नका, कनेक्टर सोडवून टेप गुंडाळा. फायरवॉलची भोकं रबरी ग्रोमेटनं बंद करा, नाहीतर इंजिनाची झळ पायांवर येईल. शेवटी पट्ट्याची लांबी पाहा. कॉम्प्रेसर गेल्यावर जुना पट्टा बसत नसेल, तर एसी नसलेल्या मॉडेलचा पट्टा मागवा किंवा मोकळी पुली लावून घ्या. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल, तर ढिला पट्टा लावून गाडी घरापर्यंतही नेऊ नका.