ताम्रसम्राटाच्या वाड्यातला मुक्काम

अमेरिकेतील मोंटाना राज्यात जाणारा पर्यटक बहुधा यलोस्टोन आणि ग्लेशियर ही राष्ट्रीय उद्याने पाहण्यासाठी जातो. या दोहोंच्या दरम्यान, दोन महामार्ग जेथे एकत्र येतात तेथे, ब्यूट नावाचे गाव लागते. समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या आसपास उंचीवर, उघड्याबोडक्या टेकडीच्या उतारावर ते वसलेले आहे. वस्ती जेमतेम चौतीस हजारांची. पण टेकडीवर ठायी ठायी उभे असलेले काळे लोखंडी मनोरे पाहिले की हे गाव साधेसुधे नव्हे, हे लक्षात येते. खाणीत माणसे उतरवणाऱ्या आणि खनिज वर काढणाऱ्या यंत्रांचे हे मनोरे आहेत. एके काळी या टेकडीला ‘पृथ्वीवरील सर्वांत श्रीमंत टेकडी’ म्हटले जाई.

या गावातील ग्रॅनाइट मार्गावर विटांचा एक तिमजली वाडा आहे. त्याचे नाव ‘कॉपर किंग मॅन्शन’, म्हणजे ताम्रसम्राटाचा वाडा. १८८४ ते १८८८ या काळात विल्यम क्लार्क या खाणमालकाने तो बांधला. त्यात चौतीस खोल्या आहेत. वाड्याचे संग्रहालय झाले आणि पुढे त्याच्या काही खोल्या मुक्कामासाठी देण्याची प्रथा पडली. रात्रीचा निवारा आणि सकाळची न्याहारी अशा या व्यवस्थेला तिकडे ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणतात. हॉटेलपेक्षा ती निराळी असते. खोल्या मोजक्याच असतात, मालक बहुतेक वेळा त्याच घरात वा जवळपास राहतो आणि न्याहारी घरच्या जेवणघरात वाढली जाते.

तांब्याचा भाव आणि वाड्याचा थाट

ब्यूटला आधी सोने सापडले, १८६४ साली. ते लवकरच सरले. मग चांदीचे दिवस आले. पण गावाचे नशीब खऱ्या अर्थाने उघडले ते तांब्यामुळे. १८७६ साली दूरध्वनीचा शोध लागला, १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये वीजपुरवठ्याचे केंद्र सुरू केले आणि त्यानंतर जगाला तांब्याच्या तारेची न संपणारी भूक लागली. त्याच १८८२ सालच्या सुमारास ब्यूटच्या ‘अ‍ॅनाकोंडा’ या चांदीच्या खाणीत मार्कस डेली या खाणमालकाला तांब्याची भरघोस शीर लागली. डेली, क्लार्क आणि नंतर आलेला ऑगस्टस हाइन्झे हे तिघे ‘ताम्रसम्राट’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

यांपैकी क्लार्क १८३९ साली पेनसिल्व्हेनियात जन्मला. १८६३ साली तो सोन्याच्या शोधात मोंटानात आला. मात्र पैसा त्याने मिळवला तो व्यापारात आणि सावकारीत. १८७२ साली त्याने ब्यूटमध्ये खाणींचे काही पट्टे विकत घेतले आणि खनिजाची पारख स्वतःला यावी म्हणून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या खाणविद्यालयात जाऊन शिक्षण घेतले. या माणसाची चिकाटी आणि हिशेबी वृत्ती त्यातून दिसते.

वाड्यातून फिरताना ती सुबत्ता पदोपदी जाणवते. छतांवर भित्तिचित्रे रंगवलेली आहेत, खिडक्यांना रंगीत काचा आहेत, जिन्यावर आणि दारांवर बारीक कोरीव काम आहे आणि वरच्या मजल्यावर नृत्यासाठी मोठे दालन आहे. गावठाणाच्या कच्च्या रस्त्यांवर चिखल आणि धूर असताना हे सारे उभे राहिले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा खरा अर्थ कळतो. हा वाडा मालकाच्या सुखासाठी होता, तितकाच तो गावाला आपले वजन दाखवण्यासाठीही होता.

हे वजन क्लार्कने राजकारणातही वापरले. १८९४ साली राज्याची राजधानी कोठे असावी यावर जनमत घेण्यात आले, तेव्हा डेलीने अ‍ॅनाकोंडा गावासाठी आणि क्लार्कने हेलेना शहरासाठी पैसा ओतला. हेलेना जिंकले. त्या काळी अमेरिकी सिनेटचे सदस्य राज्यांची विधिमंडळे निवडत. १८९९ साली क्लार्क असाच निवडून आला. पण आमदारांना लाच दिल्याचा आरोप झाला, सिनेटच्या समितीने चौकशी केली आणि १९०० साली त्याला राजीनामा द्यावा लागला. पुढे १९०१ ते १९०७ तो सिनेटर झालाच. १९१३ साली घटनादुरुस्ती होऊन सिनेटर थेट जनतेने निवडण्याची पद्धत आली. त्यामागील चर्चेत अशा प्रकरणांचा वाटा मोठा होता. मोंटानाने १९१२ साली निवडणुकीतील कंपन्यांच्या पैशाला बंदी करणारा कायदा केला, तोही याच अनुभवातून. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती बंदी रद्दबातल ठरवली.

टेकडीच्या पोटातले गाव

वाड्यातील पलंगावर झोपणाऱ्या पाहुण्याने आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी. या टेकडीच्या पोटात हजारो मैल लांबीचे बोगदे आहेत. आयर्लंड, कॉर्नवॉल, फिनलंड, सर्बिया, इटली अशा प्रदेशांतून आलेली माणसे त्यांत राबली. १८७८ साली येथे खाणकामगारांची संघटना स्थापन झाली. साडेतीन डॉलरचा दिवसाचा रोज ही तिची ओळख होती. १९०० साली, निवडणूक तोंडावर असताना, क्लार्कने आपल्या खाणींत आठ तासांचा दिवस मान्य केला. त्यात राजकारण होते, पण कामगारांच्या पदरात लाभ पडला हेही खरे.

८ जून १९१७ च्या रात्री ग्रॅनाइट माउंटन खाणीत विजेची जाड तार खाली सोडताना ती निसटली आणि तिच्या तेलकट वेष्टनाला दिव्याची ज्योत लागली. धूर जोडलेल्या बोगद्यांतून पसरला. या आगीत १६८ कामगार मृत्युमुखी पडले. अमेरिकेतील कोळशाव्यतिरिक्तच्या खाणींमधील ही सर्वांत मोठी दुर्घटना मानली जाते. ती खाण क्लार्कची नव्हती. तथापि, ज्या संपत्तीवर ब्यूटचे वाडे उभे राहिले, ती कोणत्या जोखमीतून वर येत होती हे समजण्यासाठी गावाबाहेरच्या टेकडीवरील या कामगारांचे स्मारक पाहिले पाहिजे. क्लार्कने जे पट्टे सुरुवातीला घेतले होते, त्यांपैकी ‘ओरिजिनल’ खाणीचा मनोरा मात्र वाड्यापासून फार दूर नाही. आता त्याच्या पायथ्याशी लोकसंगीताच्या महोत्सवाचे व्यासपीठ असते.

विहीर नव्हे, तलाव नव्हे

१९१० साली क्लार्कने ब्यूटमधील आपल्या बहुतेक खाणी अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या हवाली केल्या. १९५५ साली कंपनीने बोगद्यांऐवजी वरून जमीन खोदण्यास सुरुवात केली. ‘बर्कली पिट’ या खाणीचा खड्डा वाढत गेला आणि त्याने मीडरव्हिलसारख्या वस्त्या गिळल्या. तो सुमारे दीड किलोमीटर लांब आणि पाचशे मीटरहून अधिक खोल झाला. एप्रिल १९८२ मध्ये, जागतिक वसुंधरा दिनी, भूगर्भातील पाणी उपसणारे पंप बंद करण्यात आले. पाणी बोगद्यांतून चढत गेले आणि खड्डा भरू लागला. खडकातील गंधकयुक्त खनिजांचा हवेशी आणि पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि त्या आम्लात तांबे, लोह, आर्सेनिक विरघळतात. १९९५ साली या पाण्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेले. २०१६ साली हजारो. हे पाणी भूजलात मिसळू नये म्हणून त्याची पातळी ठरावीक मर्यादेखाली ठेवणे भाग आहे. २०१९ पासून ते उपसून, शुद्ध करून सोडले जाते. हे काम एका पिढीत संपणारे नाही. शेजारच्याच दुसऱ्या खाणीतून आजही तांबे काढले जाते.

दोन वाड्यांची दोन नशिबे

क्लार्कने न्यूयॉर्कमध्ये पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर १२१ खोल्यांचा दुसरा प्रासाद बांधला. तो १९११ साली पुरा झाला. १९२५ साली क्लार्क वारला आणि अवघ्या दोन वर्षांनी तो प्रासाद पाडला गेला. एवढे मोठे घर सांभाळणार कोण, आणि त्या जागेचे मोल घराहून अधिक! ब्यूटचा लहान वाडा मात्र टिकला. क्लार्क कुटुंबाकडून गेल्यावर काही काळ तेथे जोगिणींचा मठ होता. १९५३ साली एका स्थानिक कुटुंबाने तो विकत घेतला. तोपर्यंत मूळचे सामान उरले नव्हते; त्या काळाला शोभेल असे फर्निचर या मंडळींनी हळूहळू जमवले. १९७० साली वाड्याची नोंद देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली.

अशी नोंद झाली म्हणून छपराची गळती थांबत नाही. जुन्या घराला गरम ठेवणे, शिसे ओतून बसवलेल्या काचा दुरुस्त करणे, कोरलेले लाकूड जपणे हे सारे खर्चाचे काम आहे. खाण बंद पडलेल्या गावात दानशूर थोडे आणि जुन्या इमारती फार. ब्यूट आणि अ‍ॅनाकोंडा मिळून जो ऐतिहासिक परिसर अधिकृतपणे जाहीर झाला आहे, त्यात सुमारे सहा हजार वास्तू मोडतात. एवढ्यांचा भार सरकारी तिजोरी उचलू शकत नाही. अशा वेळी प्रवेशशुल्क आणि मुक्कामाचे भाडे हीच वाड्याची मिळकत ठरते. धन्याच्या शयनकक्षात एक रात्र काढणारा पाहुणा, नकळत का होईना, त्या छपराचा एक कौलभर भार उचलतो.

जाण्यापूर्वी

संग्रहालय आणि निवास एकाच घरात असले की काही बंधने येतात. दिवसा लोकांना खोल्या दाखवायच्या असल्याने पाहुण्यांना सायंकाळी उशिरा प्रवेश मिळतो आणि सकाळी लवकर खोली मोकळी करावी लागते. जुन्या घरांत सर्व खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघर असेलच असे नाही. जिने चढावे लागतात, लाकडी जमीन करकरते. ज्येष्ठांनी खालच्या मजल्यावरील खोलीची चौकशी आधी करावी. मुक्कामाची सोय चालू आहे ना आणि कोणत्या महिन्यांत असते, हेही निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण अशी घरे एका कुटुंबाच्या बळावर चालतात. हिवाळ्यात येथे कडाक्याची थंडी असते; उन्हाळ्याचे महिने सोयीचे.

एका दिवसात पाहण्याजोगे बरेच आहे. सकाळी वाडा आणि जवळच क्लार्कचा मुलगा चार्ल्स याने १८९८ साली बांधलेले फ्रेंच धाटणीचे घर, दुपारी ‘ऑर्फन गर्ल’ खाणीच्या जागेवरील खाण-संग्रहालय, मग बर्कली पिटचा सज्जा आणि शेवटी १९१७ च्या मृतांचे स्मारक, असा क्रम ठेवता येतो. दुपारच्या जेवणाला ‘पास्टी’ चाखावी. मांस आणि बटाटे भरलेली ही करंजीसारखी पारी कॉर्निश कामगार डब्यात घालून खाणीत नेत.

वाडा पाहून निघालेल्या प्रवाशाला ब्यूट सुंदर वाटेल आणि खड्डा पाहून निघालेल्याला ते भीषण वाटेल. दोन्ही पाहिल्यावरच तारेतून घरोघर पोहोचलेल्या विजेची किंमत कोणी, कशी आणि किती काळ मोजली याचा अंदाज येतो. क्लार्कने आपला बहुतेक हिशेब १९१० साली मिटवला. गावाचा अजून मिटायचा आहे.