फॅरडे बोलायला कसा शिकला

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे व्याख्यानाला उभा राहिला की टेबलावरच्या तारा, चुंबक आणि काचेच्या नळ्यांच्या गर्दीत एक साधं कार्डही ठेवलेलं असे. त्यावर ठळक अक्षरांत एकच शब्द असायचा : ‘सावकाश’. बोलण्याच्या भरात फॅरडेचं तिकडे लक्ष गेलं नाही आणि वेग वाढला, तर त्याचा मदतनीस सार्जंट अँडरसन ते कार्ड उचलून थेट त्याच्या पुढ्यात ठेवी. तशी त्याला आधीच ताकीद दिलेली होती. तास संपत आला की दुसरं कार्ड पुढे यायचं : ‘वेळ’.

ही व्यवस्था फॅरडेने स्वतःच स्वतःसाठी केली होती. १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावणारा फॅरडे आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतो. विजेची जनित्रं आणि ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतात. पण तो आपल्या काळातला एक नावाजलेला वक्ताही होता आणि हे वक्तृत्व त्याला उपजत मिळालेलं नव्हतं. ऐकायचं कसं, टिपायचं कसं, लिहायचं कसं आणि बोलायचं कसं, हे त्याने एकेक करून, वर्षानुवर्षं सराव करून कमावलं. त्याची पत्रं आणि वह्या शिल्लक असल्यामुळे हा सगळा खटाटोप आज फार जवळून पाहता येतो.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. वडील लोहार, प्रकृतीने अधू. १८०१ मध्ये धान्य महागलं तेव्हा मायकेलच्या वाट्याला एक पाव यायचा आणि तो आठवडाभर पुरवावा लागायचा. शिक्षण म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब. तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. भाड्याने वाचायला दिलेली वर्तमानपत्रं घरोघर पोचवायची आणि परत आणायची, हे त्याचं काम. वर्षभरात रिबोने त्याला पुस्तकबांधणीच्या उमेदवारीवर घेतलं, सात वर्षांच्या कराराने. अशा करारासाठी मुलाच्या घरच्यांना एरवी पैसे भरावे लागत. मायकेलची चाकरी बघून रिबोने ते माफ केले.

दिवसा फर्मे शिवायचे, पुठ्ठे चढवायचे आणि उरलेल्या वेळात बांधणीला आलेलं पुस्तक वाचायचं, असा क्रम सुरू झाला. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’तला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपात लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तकही असंच हाती आलं. पुस्तकात छापलं आहे म्हणून ते खरं, हे मात्र त्याला पटत नसे. जमतील तेवढे छोटे प्रयोग करून त्याने मार्सेटबाईंची विधानं तपासली, ती खरी निघाली, आणि मगच त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला.

पण त्याच्या आयुष्याला वळण लावणारं पुस्तक विज्ञानाचं नव्हतं. आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाने १७४१ मध्ये मन सुधारण्याच्या उपायांवर एक ग्रंथ लिहिला होता. वॉट्सच्या मते ज्ञान मिळवण्याच्या वाटा पाच : निरीक्षण, वाचन, व्याख्यानं ऐकणं, संभाषण आणि चिंतन. शिवाय टिपणवही ठेवा, जाणत्या मित्राशी पत्रव्यवहार करा, असे बारीकसारीक सल्लेही होते. असली पुस्तकं वाचणारे तेव्हाही ढिगाने होते, आजही आहेत. वाचून झालं की चार दिवस बरं वाटतं, एवढंच. फॅरडेने मात्र ते पुस्तक कामाची यादी हातात आल्यासारखं वाचलं. १८०९ मध्ये त्याने टिपणवही सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या सूचनाही एकामागून एक अमलात आणल्या.

त्यातली व्याख्यानांची गोष्ट तपशिलाने सांगण्यासारखी आहे. जॉन टेटम नावाचे एक गृहस्थ फ्लीट स्ट्रीटजवळच्या आपल्या घरी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्यानं देत. प्रवेशाला एक शिलिंग पडे. हे पैसे मायकेलचा थोरला भाऊ रॉबर्ट देई, आणि तोही लोहारच होता. टेटम यांनी दाखवलेली उपकरणं वहीत नीट काढता यावीत म्हणून फॅरडे चित्रकलाही शिकला. रिबोच्या घरात मास्केरिए नावाचा एक फ्रेंच निर्वासित चित्रकार राहत असे. त्याची खोली झाडायची आणि बूट पुसायचे, त्याच्या बदल्यात त्याने यथार्थदर्शन शिकवायचं, असा सौदा ठरला.

१८१२ मध्ये विल्यम डान्स या गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा सर्वांत गाजलेला रसायनशास्त्रज्ञ. ही व्याख्यानं आपण कशी टिपली, ते फॅरडेने पुढे पत्रात लिहून ठेवलं आहे. सभागृहात बसल्या बसल्या फक्त ठळक शब्द, छोटी पण महत्त्वाची वाक्यं, प्रयोगांची नावं आणि पदार्थांची नावं एवढंच कागदावर उतरवायचं. घरी आलं की त्यावरून दुसरं टिपण करायचं, अधिक सविस्तर, अधिक सुसंगत आणि वाचता येईल अशा अक्षरात. नंतर हे दुसरं टिपण समोर ठेवून सबंध व्याख्यान लिहून काढायचं. टिपणातून क्रम मिळायचा, कशानंतर काय आलं ते कळायचं. मजकूर मात्र आठवून, स्वतःच्या शब्दांत लिहावा लागे.

ऐकलेलं परत परत वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केला तर ते जास्त दिवस टिकतं, असं आजचं मानसशास्त्र सांगतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं. पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतरच्या परीक्षेत आठवून लिहिणारे. फॅरडेला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याची तक्रार एवढीच होती की आपली स्मरणशक्ती भरवशाची नाही, आणि त्यावर उपाय म्हणून त्याने ही पद्धत बसवली. आज फळ्याचा मोबाइलवर फोटो काढून आपण निश्चिंत होतो. फॅरडेच्या तीन पायऱ्यांपैकी पहिलीसुद्धा त्यात पुरी होत नाही.

डेव्हीच्या चार व्याख्यानांचा असा तीनशेहून अधिक पानांचा ग्रंथ झाला, सचित्र, आणि बांधणी अर्थातच स्वतःच्या हातची. १८१२ च्या डिसेंबरात त्याने तो डेव्हीकडे नोकरीच्या अर्जासोबत पाठवला. १ मार्च १८१३ रोजी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेचा मदतनीस झाला. पगार आठवड्याला २५ शिलिंग, आणि राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या. ही कथा बहुतेक चरित्रांत येते आणि बहुतेक ठिकाणी इथेच थांबते, जणू नोकरी लागली की शिक्षण संपलं.

त्याआधीच, जुलै १८१२ मध्ये, त्याने बेंजामिन ॲबट या मित्राशी पत्रव्यवहार सुरू केला होता. टेटमच्या व्याख्यानांत ओळख झालेला हा तरुण पेशाने कारकून होता आणि त्याचं शालेय शिक्षण फॅरडेपेक्षा बरं झालेलं होतं. दोघे एकाच शहरात राहायचे, भेटीही व्हायच्या, तरी पत्रं लिहायची, कारण त्याने अक्षर सुधारतं, वाक्यरचना सुधारते आणि विचारांना क्रम येतो, असं फॅरडेचं म्हणणं होतं. पहिल्याच पत्रात त्याने घरी केलेल्या विद्युतघटाची हकिकत आहे. अर्ध्या पेनीच्या आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या त्याने कापल्या, त्यांच्यासोबत अर्ध्या पेनीची सात नाणी रचली आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद घातले. हे सगळं मी, मी स्वतः केलं, असं तो उद्गारचिन्हांची खैरात करत सांगतो. वीस वर्षांच्या पोराचा आनंद त्या कागदावर मावत नाही. पुढच्या पत्रांत भाषा हळूहळू आवरलेली दिसते.

जून १८१३ मध्ये ॲबटला लिहिलेल्या पत्रमालिकेचा विषय होता ‘व्याख्यान कसं द्यावं’. लिहिणारा एकवीस वर्षांचा. एकही व्याख्यान दिलेलं नाही, कामाचा अनुभव म्हणजे इतरांच्या व्याख्यानांत बाटल्या आणि भांडी पुढे करणं. पण याच कामामुळे त्याला वक्ताही दिसत होता आणि श्रोतेही. सभागृहात हवा खेळती हवी इथपासून तो सुरुवात करतो. वक्त्याने टेबलाला चिकटल्यासारखं किंवा जमिनीत स्क्रूने पिळून बसवल्यासारखं उभं राहू नये. घाईने बोलू नये. तासापेक्षा जास्त बोलू नये. उगाच क्षमायाचना करत बसू नये आणि टाळ्यांसाठी गळ टाकू नये. दाखवता येईल ते डोळ्यांना दाखवावं. दोनशे वर्षांनंतरही यातलं काही खोडावं लागत नाही. आपल्याकडच्या सत्कार समारंभांत तर क्षमायाचनेचं कलम छापून वाटायला हरकत नाही.

स्वतःच शिकायचं म्हणजे एकट्यानेच शिकायचं, असा फॅरडेचा समज नव्हता, आणि मला त्याच्या सगळ्या पद्धतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपली वाक्यं आपल्याला नेहमी ठीकच वाटतात. म्हणून दोष काढायला माणसं हवीत, हे त्याने ओळखलं होतं. एडवर्ड मॅग्राथ आणि आणखी चार-पाच मित्र एकत्र जमत, वाचन करत आणि एकमेकांचे उच्चार आणि वाक्यरचना सुधारत. कुणी कुणाची भीड ठेवायची नाही, हा नियम. कित्येक वर्षं हे चाललं. १८१८-१९ मध्ये पाच जणांनी निबंधमंडळही चालवलं. प्रत्येकाने ठरल्याप्रमाणे निबंध लिहायचा, तो लेखकाच्या नावाशिवाय एका वहीत उतरवायचा आणि वही सगळ्यांत फिरवायची. नाव नसल्यामुळे टीका मोकळेपणाने होई.

बोलण्यासाठी त्याने बेंजामिन स्मार्ट या वक्तृत्वशिक्षकाची शिकवणी लावली. एका धड्याला अर्धी गिनी, म्हणजे साडेदहा शिलिंग. नोकरीला लागतानाचा त्याचा आठवड्याचा पगार आठवला तर ही चैन केवढी होती ते कळतं. फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वतः व्याख्यानं देऊ लागला तेव्हा हेच स्मार्ट श्रोत्यांत बसून चुका टिपत. मॅग्राथही कित्येक वर्षं ते काम करी. त्यांची प्रत्येक सूचना फॅरडे मानत असे असं नाही, पण सूचना करणं थांबवू नका, हा त्याचा आग्रह कायम राहिला.

स्मरणशक्तीचा त्रास पुढे वाढतच गेला. १८४० च्या सुमारास तर आजारपणामुळे काम थांबवण्याची वेळ आली. पण तोवर त्याची लेखी व्यवस्था पक्की झालेली होती. १८२२ मध्ये त्याने पुढे करायच्या कामांची एक वही केली. त्यात चुंबकत्वाचं विजेत रूपांतर करण्याची एक ओळीची नोंद आहे. ते साधायला नऊ वर्षं लागली. प्रयोगांच्या रोजनिशीत तो प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक देई, म्हणजे जुन्या नोंदीकडे बोट दाखवता येतं. हे क्रमांक १६,०४१ पर्यंत पोचले.

गणित मात्र राहिलं ते राहिलंच. त्याच्या कल्पनांना जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने गणिताचं रूप दिलं, तेव्हा १८५७ मध्ये फॅरडेने त्याला विचारलं की गणिती लोकांना आपले निष्कर्ष साध्या भाषेतही मांडता येणार नाहीत का? म्हणजे आमच्यासारख्यांना ते घेऊन प्रयोग तरी करता येतील. एरवी अशा प्रश्नाला न्यूनगंड म्हणता आलं असतं. पण ज्याने मुलांपुढे नाताळात व्याख्यानांच्या १९ मालिका दिल्या, आणि एका मेणबत्तीच्या आधाराने ज्वलन, श्वसन, पाणी आणि हवा समजावली, त्याने हे विचारावं याला वजन आहे. १८६०-६१ मधली मेणबत्तीवरची ही व्याख्यानं विल्यम क्रुक्सने पुस्तकरूपाने छापली. ते पुस्तक अजून वाचलं जातं.

१८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरवण्याच्या बैठकांचं वेड आलं. चार-सहा जण टेबलावर हात ठेवून बसत, टेबल हलू लागे, आणि लोक म्हणत भुताने हलवलं. फॅरडेने हाताखाली पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले. कोणता थर आधी सरकतो ते पाहिलं, तर हात आधी सरकत होते आणि टेबल मागाहून. हाताची हालचाल दाखवणारी हलकी काडी बसणाऱ्यांना दिसेल अशी लावली, तर टेबल हलायचंच थांबलं. बसणारी माणसं लबाड नव्हती. आपणच ढकलतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं.

पुढच्याच वर्षी, ६ मे १८५४ रोजी, मनाच्या शिक्षणावर त्याने जे व्याख्यान दिलं त्याला ही पार्श्वभूमी होती. माणसाला ज्ञान कमी पडतं त्यापेक्षा निवाडा करण्याची शिस्त कमी पडते, असं त्याने सांगितलं. जे खरं असावं असं आपल्याला वाटतं ते पटकन खरं मानायची ओढ प्रत्येकात असते आणि तिला आवर घालणं ही स्वशिक्षणातली सर्वांत अवघड गोष्ट, असं त्याचं मत. पुरावा पुरेसा नसेल तर निर्णय राखून ठेवायची सवय लावून घ्यावी लागते, असंही तो म्हणाला. १८५९ मध्ये रसायन आणि भौतिकीवरच्या त्याच्या शोधनिबंधांचा संग्रह निघाला, तेव्हा फॅरडेने हे व्याख्यान त्याच्या शेवटी छापायला दिलं. आपल्या प्रयोगांच्या आयुष्याशी याचा इतका जवळचा संबंध आहे की याची जागा इथेच, असं कारण त्याने तिथे दिलं आहे.