पैठणी आधी उलटी करून बघा

मैत्रिणींनो, लग्नसराई आली की गुलमंडीत नाहीतर औरंगपुऱ्यात बस्ता बांधायला आपण जातोच. दुकानदार साडी समोर उलगडतो, मोर चमकतात, आणि "अस्सल पैठणी आहे ताई" हे ऐकून आपण भाव करायला लागतो. त्याआधी एक काम करा. पदर उलटा करा आणि मागची बाजू बघा.

हातमागावरच्या पारंपरिक पैठणीत नक्षीतल्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. विणकर तो धागा तेवढ्याच जागेत फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणतो. म्हणून मोर, मुनिया, कमळ मागूनही जवळजवळ तसेच दिसतात. यंत्रमागावर मात्र धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. नको तिथे तो मागे लोंबतो किंवा कापलेला असतो. पैंजण, बांगडी अडकते ती त्यातच. आणखी एक मधला प्रकार आहे. हातमागालाच जॅकार्ड लावून काठ विणतात, त्याला ब्रोकेड म्हणतात. त्याच्याही मागे धागे दिसतात. ती खोटी नाही, पण तिला मेहनत कमी लागते, तेव्हा दरही कमी हवा.

साध्या पदराची पैठणी विणायलासुद्धा आठवडे लागतात. पदर भरगच्च असेल तर कित्येक महिने. हे लक्षात ठेवलं की "दोन हजारात हातमागाची" हे वाक्य ऐकूनच हसू येईल.

स्वस्त साडी घेण्यात काही वाईट नाही, हेही सांगते. "सेमी पैठणी" म्हणून विकली आणि आपण सेमी म्हणूनच घेतली, तर कुणी कुणाला फसवलं नाही. ओटीत द्यायला, रोज नेसायला ती बरीच आहे. गुन्हा होतो तो तिला हातमागाची अस्सल पैठणी म्हटल्यावर. पैठणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेलं आहे. ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीने विणलेल्या मालालाच ते नाव वापरता येतं. खोटं मानांकन लावून माल विकला तर कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

लेबलं वाचताना गोंधळ होतो. सिल्क मार्क म्हणजे रेशीम शुद्ध आहे, एवढंच. साडी यंत्रमागावरची असली तरी तो मिळू शकतो. हातमागाची खूण म्हणजे हॅण्डलूम मार्क. आणि बिल घ्याच, त्यावर "हातमाग पैठणी, शुद्ध रेशीम" असं लिहून घ्या. नुसतं "साडी – १ नग" लिहिलेलं बिल भांडायच्या वेळी काही कामाचं नाही. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पैठण आपल्या शहरापासून ५० किलोमीटरवर. तिथल्या किंवा येवल्याच्या विणकर बाईला मात्र जीआयचा फायदा आपोआप मिळत नाही. तिला "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नाव नोंदवावं लागतं. २०२० पासून त्या अर्जाची फी फक्त १० रुपये आहे. तुमच्या गटात माग चालवणाऱ्या बाया असतील तर हे काम आधी हातात घ्या. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्रादा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा गाजावाजा झाला, पण मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका फेटाळली गेली. मानांकन ज्यांच्या नावावर नोंदलं आहे त्यांनी दाद मागायला हवी, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. कागदावर नाव कुणाचं, याला असा अर्थ आहे.

आता आपल्या मसाल्याचं, लोणच्याचं बघू. पाकिटाचा रंग, नाव, चित्र तसंच्या तसं उचलून दुसरा कुणी बाजारात आला तर काय दाखवाल? त्यासाठी ट्रेडमार्क. "घरगुती मसाला", "शुद्ध चटणी" ही नावं सहसा नोंदली जात नाहीत, कारण ती सगळ्यांचीच आहेत. गावाच्या नावाचंही तेच. वेगळं, लक्षात राहील असं नाव निवडा आणि ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते आधी कुणी घेतलंय का हे फुकट शोधा. ऑनलाइन अर्जाची फी उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ४,५०० रुपये, एरवी ९,०००. ही फी एका वर्गाची. मसाला ३० व्या वर्गात येतो, लोणचं २९ व्या, म्हणजे दोन्हीसाठी दोनदा. अर्ज मान्य झाला की जर्नलमध्ये छापतात, चार महिने हरकतींची वाट बघतात. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. तोवर नावापुढे टीएम लिहिता येतं. गोलातला आर नोंदणीआधी छापणं बेकायदेशीर आहे, प्रिंटरवाला कितीही आग्रह करो.

अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे ठरवताना घाई नको. अध्यक्षा ताईंच्या नावाने करणं सोपं वाटतं. पण उद्या त्या गटातून बाहेर पडल्या तर ब्रँडही त्यांच्याबरोबर जाईल आणि पाकिटं बदलत बसावं लागेल ते उरलेल्या नऊ जणींना. नोंदणीकृत संघ किंवा उत्पादक कंपनी असेल तर तिच्याच नावाने अर्ज करा. तसा ठराव मासिक बैठकीत घेऊन इतिवृत्तात लिहा, आणि पहिल्या विक्रीचं बिल, पहिलं छापलेलं लेबल तारखेसह त्याच फाइलला लावा.