काळजी घेणाऱ्यालाही विसावा हवा : दिव्यांग बालकांच्या पालकांसाठी माहिती

आपल्या घरी सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेले बालक असेल, तर दवाखान्यात त्याचे वजन, फिट, औषधे आणि व्यायाम यांची विचारपूस होते. त्याला उचलणाऱ्या, भरवणाऱ्या, रात्री कूस बदलून देणाऱ्या व्यक्तीला मात्र ‘सलग सहा तास आपण शेवटचे केव्हा झोपलात?’ असे क्वचितच विचारले जाते. हे पत्रक त्या व्यक्तीसाठी आहे.

बहुतेक घरांत ती आई असते. बालक बारा वर्षांचे होईतो त्याचे वजन तीस-पस्तीस किलोच्या घरात जाते. त्याला उचलण्याची पद्धत मात्र ते दोन वर्षांचे असतानाचीच राहते. कंबरदुखी, अपुरी झोप, क्षुल्लक कारणावरून येणारे रडू आणि ज्याविषयी कोणी बोलत नाही तो बालकावरचा राग, ही थकव्याची लक्षणे आहेत; माया आटल्याची नव्हेत. अशा थकव्यातच फिटच्या औषधाची मात्रा चुकते किंवा घाईने भरवताना घास श्वासनलिकेत जातो. म्हणून पालकाची विश्रांती हा बालकाच्या उपचाराचाच भाग मानावा.

काही तास किंवा काही दिवस बालकाची काळजी प्रशिक्षित अथवा विश्वासू व्यक्तीने घ्यावी आणि त्या काळात पालकाला विश्रांती मिळावी, या व्यवस्थेस रेस्पाईट केअर म्हणतात. येथे आपण तिला विसावा-सेवा म्हणू.

ही सेवा मिळवण्याचा प्रयत्न केलेल्या पालकांच्या पदरी अनेकदा निराशाच येते. केंद्रे बहुधा मोठ्या शहरांत असतात. एका दिवसाच्या विसाव्यासाठी दोन दिवसांचा प्रवास पडतो. फिट येणाऱ्या, नळीने आहार घेणाऱ्या किंवा स्वतःला इजा करून घेणाऱ्या बालकास पुष्कळदा नकार मिळतो, म्हणजे ज्या घराला गरज सर्वाधिक त्याच घरासाठी दार बंद होते. प्रवेश मिळालाच, तर पहिल्या दिवशी बालक रडते, जेवत नाही, दुपारीच फोन येतो आणि आई धावत परत जाते. घरी आल्यावर ‘पोटच्या पोराला परक्यांच्या हवाली करतेस?’ हेही ऐकावे लागते. यापेक्षा आपणच केलेले बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही एका फसलेल्या प्रयत्नावरून कायमचा निर्णय घेऊ नये. नवी जागा, नवा स्पर्श, नव्या हातचा घास यांची सवय होण्यास वेळ लागतो. स्वमग्न बालकास तो अधिक लागतो.

आरंभ घरापासून करावा. बालक ज्यांना ओळखते अशी मावशी, आत्या, काका किंवा शेजारीण निवडावी. पहिले काही दिवस त्यांनी भरवावे आणि आपण शेजारी बसावे. नंतर आपण दुसऱ्या खोलीत थांबावे. मग अर्धा तास बाहेर जाऊन यावे. बालकाला सांगूनच निघावे, नजर चुकवून नव्हे. ते बोलत नसले तरी सांगावे. वडिलांचा वाटाही यात ठरलेला असावा. त्यांनी बालक सांभाळणे ही आईला केलेली मदत नसून ते त्यांचे स्वतःचे काम आहे. आणि मिळालेल्या दोन तासांत धुणेभांडी उरकू नयेत.

रुग्णालयाच्या वॉर्डात पाळी संपताना एक परिचारिका दुसरीला प्रत्येक रुग्णाची माहिती देते आणि मगच घरी जाते. ती घरी गेली म्हणून तिला कोणी बोल लावत नाही. घरातली पाळी मात्र संपतच नाही, कारण बालकाविषयीचे सारे आईच्याच डोक्यात असते. ते कागदावर उतरवावे. औषधाचे नाव, मात्रा, वेळ. फिटचे औषध स्वतःहून बंद करावयाचे नाही, ही सूचना. अन्न किती पातळ लागते. बसवून भरवावे व जेवणानंतर सुमारे अर्धा तास आडवे करू नये. भूक, शौच, दुखणे हे बालक कोणत्या हालचालीने वा आवाजाने दर्शवते. फिट आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये; फिट पाच मिनिटांपेक्षा अधिक चालल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. हा कागद भिंतीवर लावावा.

केंद्र निवडताना एकदा जेवणाच्या वेळी तेथे जावे. रात्री किती बालकांमागे किती कर्मचारी असतात, शौच-स्नान कोण घालते, तब्येत बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात, हे विचारावे. पालकांना आत येण्यास मनाई करणाऱ्या केंद्रात बालक ठेवू नये. परत आणल्यावर अंगावरील वळ, वजनातील घट किंवा विशिष्ट व्यक्तीची भीती दिसल्यास ती दुर्लक्षू नये. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

कायद्याने काही आधार दिला आहे. १९९९ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत वर उल्लेखिलेल्या चार प्रकारच्या दिव्यांगतेसाठी विसावा व निवासी काळजीची तरतूद आहे; तिचा भर अनाथ, संकटग्रस्त आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांवर आहे. ‘निरामय’ या आरोग्य विमा योजनेचे संरक्षण १ लाख रुपयांपर्यंत आहे. हा न्यास आरोग्य मंत्रालयाकडे नसून सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाकडे आहे, त्यामुळे रुग्णालयाच्या खिडकीवर याची माहिती न मिळाल्यास नवल नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात न्यासाच्या स्थानिक स्तर समितीविषयी चौकशी करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार विनामोबदला काळजी घेणारे पालकही ‘काळजीवाहक’ ठरतात, आणि अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख त्यात आहे. अंमलबजावणी राज्यागणिक वेगळी आहे. यासाठी वैश्विक दिव्यांग ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आधी काढून ठेवावे.

बालकास सुरक्षितपणे उचलणे व भरवणे शिकून घेण्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचारावे. जी व्यक्ती आपल्या जागी थांबणार आहे तिलाही सोबत न्यावे. झोप येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल किंवा बालकावर हात उगारला जात असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालते, आणि मराठीतूनही बोलता येते.